पांढरी कावीळ आणि गरोदरपण: हिपॅटायटिस बी आईकडून बाळाकडे कधी जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत रक्ताच्या सात-आठ चाचण्या होतात. त्यातल्या एकीपुढे 'पॉझिटिव्ह' छापून आलं की घरात दोन गोष्टी सुरू होतात, रडारड आणि चौकशी. पुढचे प्रश्न त्या चौकशीतून आलेले आहेत. काही बायकांनी स्वतः विचारले, काही नवऱ्यांनी, बरेचसे सासूबाईंनी. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक टाकला आहे.

१. रिपोर्टवर 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' आलंय. म्हणजे नेमकं काय?

हिपॅटायटिस बीच्या विषाणूवर प्रथिनाचं आवरण असतं. ते तुमच्या रक्तात सापडलं, म्हणजे विषाणू सध्या शरीरात आहे. अमेरिकन संशोधक बारूख ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात हे प्रथिन ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात प्रथम दिसलं. म्हणूनच जुने डॉक्टर आणि काही लॅब अजूनही 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात. दोन्ही एकच, घाबरून दोनदा तपासू नका. सहा महिन्यांहून जास्त काळ ते रक्तात राहिलं तर आजार जुनाट धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात असे जवळजवळ तीन कोटी लोक होते.

एक अपवाद: तुम्ही नुकतीच हिपॅटायटिस बीची लस घेतली असेल तर काही दिवस ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. लस कधी घेतली ते डॉक्टरांना आधी सांगा.

२. मला तर कधी कावीळ झालीच नाही. मग हे आलं कुठून?

बहुतेक वेळा लहानपणी, आणि अनेकींच्या बाबतीत स्वतःच्या जन्माच्या वेळी. नवजात बाळाला लागण झाली तर दहापैकी नऊ वेळा ती आयुष्यभर टिकते. धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर शंभरात पाचांहूनही कमी जणांच्या अंगात ती मुरते. म्हणजे आज पंचविशीत जुनाट आजार सापडला, तर तो लहानपणापासूनचा असण्याची शक्यता मोठी. डोळे पिवळे न होताच वर्षानुवर्षं काढता येतात, म्हणून तर लोक याला 'पांढरी कावीळ' म्हणतात.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की या रिपोर्टवरून सुनेच्या चारित्र्यावर बोलणारी माणसं अजून भेटतात. रिपोर्टमधून तसं काहीही कळत नाही. कळतं ते एवढंच की तिच्या आईची आणि भावंडांचीही तपासणी व्हायला हवी. नवऱ्याची आणि आधीच्या मुलांची तर हवीच.

३. बाळाला लागण पोटात होते की बाळंतपणात?

मुख्यतः बाळंतपणात. बाळ जन्ममार्गातून येताना आईचं रक्त आणि स्राव त्याच्या अंगाला, डोळ्यांना, तोंडाला लागतात. नाळेतून पोटातच लागण होणं शक्य आहे, पण ते प्रमाण थोडं. या विषाणूत आपल्याला मिळालेली सवलत ती हीच, कारण संपर्क झाल्यानंतर लगेच लस दिली तरी ती विषाणूला गाठू शकते. सगळी लागण तिसऱ्या महिन्यातच होत असती तर जन्मानंतरच्या लसीचा काही उपयोग नव्हता.

४. सगळ्याच पॉझिटिव्ह आयांकडून सारखाच धोका असतो का? कोणाकडून जास्त?

सारखा नसतो, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पहिली गोष्ट, रक्तात विषाणू किती आहे, म्हणजे व्हायरल लोड. दर मिलिलिटरला दोन लाख युनिटच्या वर लोड असेल तर वेळेवर सगळी इंजेक्शनं देऊनही काही बाळांना लागण होतेच. त्याखाली असेल आणि इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर लागण क्वचितच होते.

दुसरी, 'ई अँटिजेन' ही वेगळी चाचणी. ती पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू जोरात वाढतो आहे. अशा आईच्या बाळाला काहीच संरक्षण दिलं नाही तर शंभरातल्या ७० ते ९० बाळांना लागण होते. ई अँटिजेन निगेटिव्ह असेल तर हाच आकडा १० ते ४० च्या दरम्यान असतो. या दोन गोष्टी सुट्या नाहीत, लोड जास्त असणारीची ई चाचणी बहुधा पॉझिटिव्हच येते. कोवळ्या वयाच्या आयांमध्ये दोन्ही जास्त दिसतात, कारण वय वाढेल तसा शरीराचा प्रतिकार जागा होतो.

तिसरी, लागण कधी झाली. गरोदरपणाच्या सुरुवातीला नवी लागण झाली तर बाळापर्यंत ती सुमारे दहातल्या एकाच वेळी पोचते. शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर निम्म्याहून जास्त वेळा.

यात भर घालणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत: सोबत एचआयव्ही असणं (प्रश्न १५), लोड जास्त असताना गर्भजल काढणं (प्रश्न १३), आणि आधीच्या बाळाला लस देऊनही लागण झालेली असणं.

आता जी रक्ताच्या रिपोर्टवर छापून येत नाही ती. आपल्याकडे खूपदा बाळ धोक्यात येतं ते फाईल प्रसूतिगृहापर्यंत न पोचल्यामुळे. आई पॉझिटिव्ह आहे हे तिला माहीत असतं, तिच्या गावच्या आशाताईंना माहीत असतं, आणि रात्री दोन वाजता बाळ हातात घेणाऱ्या सिस्टरला माहीत नसतं. हा धोका शून्यावर आणायला औषध लागत नाही. (प्रश्न ११ नक्की वाचा.)

५. ई अँटिजेन निगेटिव्ह आहे. मग निश्चिंत राहू ना?

थोडंसं. भारतातल्या बहुतेक पॉझिटिव्ह गरोदर बायका याच गटात मोडतात. इथे विषाणूचे 'डी' आणि 'ए' हे जनुकीय प्रकार आढळतात, आणि त्यात ई अँटिजेन तरुणपणीच जातं. पूर्व आशियातल्या 'सी' प्रकारात ते चाळिशीपर्यंतही टिकतं, म्हणून तैवान-चीनमध्ये आईकडून बाळाकडे जाणारी साखळी आपल्यापेक्षा कितीतरी जाड होती.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही विषाणूंत असा बदल झालेला असतो की ई अँटिजेन तयारच होत नाही, लोड मात्र भरपूर असतो. त्यामुळे ही चाचणी निगेटिव्ह आली तरी लोड मोजून घ्या. दुसरं, ई अँटिजेन निगेटिव्ह असलेल्या आईच्या बाळाला लस न मिळता लागण झाली तर ते कधीकधी दोन-चार महिन्यांचं असताना यकृताच्या तीव्र आजारानं एकदम खालावतं. बाळाची इंजेक्शनं कोणत्याही परिस्थितीत टाळायची नाहीत.

६. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर '१.७ × १०' आणि वर छोटा ८ असं काहीतरी आहे. हे वाचायचं कसं?

दहाच्या डोक्यावरचा छोटा आकडा बघा. तो ४ किंवा कमी असेल तर लोड लाखाच्या आत आहे. ६ किंवा जास्त असेल तर नक्कीच दोन लाखांच्या वर. ५ असेल तर गुणाकाराच्या चिन्हाआधीचा आकडा बघा, २ च्या पुढे असेल तर मर्यादा ओलांडली. तुमच्या रिपोर्टमध्ये ८ आहे, म्हणजे सतरा कोटी, आणि तुम्हाला प्रश्न ७ लागू आहे. काही लॅब 'लॉग'मध्ये आकडा देतात, तिथे मर्यादा ५.३.

७. लोड जास्त आहे. डॉक्टरांनी टेनोफोविर सांगितलंय. गरोदरपणात एवढी गोळी चालते का?

चालते. ती रोज एक घ्यायची असते. साधारण सातवा महिना लागायच्या सुमारास, म्हणजे २४ ते २८ आठवड्यांत, ती सुरू करतात. प्रसूतीपर्यंत विषाणू खाली उतरायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून उशीर नको. एचआयव्ही असलेल्या लाखो गरोदर बायकांनी हे औषध घेतलेलं आहे आणि बाळांवरचा अनुभव चांगला आहे. सुरू करण्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासतात.

गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. बाळंतपणानंतर, विशेषतः गोळी थांबवल्यावर, काहींच्या यकृताला अचानक सूज येते. पुढचे सहा महिने यकृताची तपासणी त्यासाठी सांगतात, आणि नेमकी तीच राहून जाते, कारण तेव्हा सगळं घर बाळाभोवती असतं. ताई, ती तारीख स्वतःच्या मोबाईलमध्ये टाका.

८. बाळाला जन्मल्यावर नेमकं काय काय द्यायचं?

दोन इंजेक्शनं, दोन वेगवेगळ्या मांड्यांत. एक हिपॅटायटिस बीची लस: २४ तासांच्या आत, पण आई पॉझिटिव्ह असेल तर जेवढ्या लवकर तेवढं चांगलं, १२ तासांच्या आत. दुसरं हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, तेही १२ तासांत. लस बाळाच्या शरीराला लढायला शिकवते, इम्युनोग्लोब्युलिन ते शिकेपर्यंत पहारा देतं. नुसत्या लसीनं चारातली सुमारे तीन बाळं वाचतात. दोन्ही वेळेवर दिली तर दहातली नऊ किंवा जास्तच.

त्यानंतर ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. तीत हिपॅटायटिस बी असतंच, वेगळी लस लागत नाही. चौदाव्या आठवड्याचा डोस चुकवणारे पुष्कळ. पहिल्या दिवशी धावपळ केली आणि शेवटचा डोस राहिला, तर केलेलं अर्धं वाया जातं.

९. आमच्या तालुक्याला इम्युनोग्लोब्युलिन मिळत नाही म्हणाले. आता?

लस थांबवू नका. 'दोन्ही एकदम देऊ' म्हणून लस उद्यावर टाकणं ही मोठी चूक. ती आधी द्या, दुसरं मागवा. उशीर झालाच तर सात दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देण्यात अर्थ आहे, पण दर तासाला त्याचा उपयोग घटतो.

बाजारात ते महाग आहे, काही हजारांना पडतं. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी ते मोफत देण्याची तरतूद आहे, तपासण्या आणि औषधंही. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. बाळ जन्मल्यावर फोन फिरवत बसायची वेळ येऊ देऊ नका.

लसीचंही एक लफडं आहे. सरकारी कुपी दहा डोसांची असते, आणि रविवारी एकाच बाळासाठी ती फोडायला कर्मचारी बिचकतात. नियमाप्रमाणे नीट थंड ठेवलेली उघडी कुपी २८ दिवस वापरता येते, त्यामुळे वाया जाण्याची भीती निराधार आहे. हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

१०. सिझेरियन केलं तर बाळ वाचेल का? आणि अंगावर पाजायचं की नाही?

फक्त या कारणासाठी सिझेरियनची गरज नाही. इंजेक्शनं वेळेवर मिळणार असतील तर त्यानं विशेष फरक पडत नाही.

अंगावर जरूर पाजा, पहिल्या चिकापासून. दुधात विषाणूचे अंश सापडतात, तरी लस मिळालेल्या बाळाला दुधातून लागण वाढत नाही. टेनोफोविर चालू असली तरी पाजता येतं. स्तनाग्राला भेग पडून रक्त येत असेल तर ती बरी होईपर्यंत त्या बाजूचं दूध पिळून टाका, दुसरी बाजू चालू ठेवा. चीक फेकून वरचं दूध सुरू केलेल्या बाया भेटतात. त्यांच्या बाळांचं नुकसान या विषाणूपेक्षा बाटलीतल्या जुलाबानं होतं.

११. पहिलं बाळंतपण माहेरी आहे. तपासण्या सगळ्या इकडे झाल्या. काय काळजी घ्यावी?

माता-बाल संरक्षण कार्डावर एचबीएसएजीचा निकाल लिहून घ्या. रिपोर्टचे फोटो तुमच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाईलमध्ये असू द्या. माहेरच्या दवाखान्यात सातव्या-आठव्या महिन्यात एकदा जाऊन नाव नोंदवा आणि लस-इम्युनोग्लोब्युलिनचं बोलून ठेवा. माहेरी सांगायचं नाही असं काहींच्या घरी ठरलेलं असतं. तुमच्या मनाविरुद्ध कोणाला सांगा असं मी म्हणणार नाही, पण प्रसूती करणाऱ्या डॉक्टरपासून लपवू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी हे आणखी अवघड आहे. नोंदणी बीडकडच्या गावात, बाळंतपण कारखान्याच्या फडावर, चौदा आठवड्यांची लस तिसऱ्याच जिल्ह्यात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पैशांसोबत ठेवा. ते कोणत्याही सरकारी केंद्रात चालतं.

१२. तिसऱ्या महिन्यात तपासणी निगेटिव्ह होती. तरी पुन्हा करायची का? आणि तपासणी झालीच नसेल तर?

नवरा पॉझिटिव्ह निघाला असेल, मध्ये रक्त चढवलं असेल किंवा कावीळ झाली असेल, तर प्रसूतीआधी पुन्हा करा. तपासणी निगेटिव्ह आणि जोखीम चालू असेल तर गरोदरपणातही लस घेता येते.

तपासणी न झालेली बाई कळा सुरू होऊन आली, तर बाळाला लस लगेच द्यायची, आईचं रक्त तेव्हाच तपासायचं, आणि पॉझिटिव्ह आलं तर इम्युनोग्लोब्युलिन प्रश्न ९ मधल्या मुदतीत.

१३. डबल मार्करमध्ये (बाळातल्या जनुकीय दोषांचा अंदाज देणारी रक्तचाचणी) गडबड आली, गर्भजल तपासायला सांगितलंय. मी पॉझिटिव्ह आहे. करू का?

सुई घालण्याआधी व्हायरल लोड मोजून घ्या. लोड कमी असेल तर धोका फार थोडा. एक कोटीच्या घरात किंवा वर असेल तर आईचं रक्त आत नेल्यानं लागणीची शक्यता खरंच वाढते. आता आईच्या रक्तातूनच बाळाच्या डीएनएची तपासणी होते. ती आधी करून सुई टाळता येते का, हे डॉक्टरांना विचारा. अगदी गरज असेल तर मात्र नुसत्या पॉझिटिव्हपणामुळे तपासणी नाकारू नये.

१४. बाळ आठव्या महिन्यातच झालं, वजन १ किलो ६०० ग्रॅम. लस द्यायची का?

द्यायची, आणि इम्युनोग्लोब्युलिनही, बारा तासांतच. दोन किलोखालच्या बाळात पहिला डोस पूर्ण जोमानं काम करत नाही, म्हणून तो मोजणीत धरत नाहीत, पुढे आणखी तीन लागतात. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस असतातच, त्यामुळे सरकारी वेळापत्रक पाळलं की हिशेब आपोआप जुळतो.

१५. मला एचआयव्हीही आहे. गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतील का?

बहुधा नाही. एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोविर आणि लॅमिवुडीन असतं, आणि दोन्ही हिपॅटायटिस बीवर चालतात. गोळी बदलायची वेळ आली तर हिपॅटायटिस बीची आठवण केंद्रातल्या डॉक्टरांना करून द्या. टेनोफोविर अचानक काढलं तर यकृत उसळतं. पाजण्याचं मात्र एचआयव्हीच्या नियमानं ठरेल, प्रश्न १० च्या नव्हे.

१६. मी निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह. बाळाला वडिलांकडून होईल?

जन्मताना होत नाही. नंतर घरातल्या रक्ताच्या संपर्कातून होऊ शकतं, कारण हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकतो. जन्माची लस बाळाला द्याच, तुम्हीही घ्या. ब्लेड, दाढीचं यंत्र, टूथब्रश, नेलकटर वेगळे. एका ताटात जेवणं, पापा घेणं, मांडीवर घेणं यातून काही होत नाही. आपल्याकडच्या दोन प्रसंगी मात्र लक्ष द्या, कान टोचताना आणि जावळ काढताना. सोनाराकडे सुई आणि न्हाव्याकडे ब्लेड तुमच्यासमोर नवं उघडलेलं हवं.

१७. हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह असेल तर हेच सगळं लागू का?

नाही. सीला लस नाही, इम्युनोग्लोब्युलिन नाही. सुदैवानं शंभरात पाच-सहाच बाळांना तो जातो. पूर्ण बरं करणारी औषधं आहेत, ती सहसा बाळंतपणानंतर देतात.

१८. सासूबाई म्हणतात कावीळ उतरवून आणू.

चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते सगळ्यांचंच होतं, कावीळ नसलेल्याचंही. माळ घातली तर बिघडत नाही. मुळी किंवा काढा मात्र पोटात घेऊ नका, आधीच सुजलेल्या यकृतावर तो आणखी भार.

१९. बाळाला लागण झाली की नाही हे कधी कळेल?

नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, शेवटच्या डोसनंतर निदान एक महिना गेल्यावर. त्याआधी नको. नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं, लसीनंतर काही दिवस चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते, आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या उसन्या अँटीबॉडी काही महिने दिसत राहतात. दोन चाचण्या सांगा: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणाऱ्या अँटीबॉडी किती आहेत ते). पहिली निगेटिव्ह आणि दुसरी १० किंवा जास्त, तर बाळ सुरक्षित. पहिली निगेटिव्ह पण दुसरी १० च्या खाली, तर आणखी एक डोस देऊन महिन्याभरानं पुन्हा तपासतात, लागले तर एकूण तीन डोस पूर्ण करतात. 'टोटल कोअर अँटीबॉडी' बघून घाबरू नका, ती आईकडून आलेली दीड-दोन वर्षंही राहते.

२०. सगळं वेळेवर केलं. तरी मुलगी पॉझिटिव्ह आली. आमचं कुठे चुकलं?

बहुधा कुठेच नाही. लोड फार जास्त असलेल्या आयांची थोडी बाळं पोटातच बाधित झालेली असतात, आणि तिथे जन्मानंतरची लस पोचत नाही. गरोदरपणात तुमचा लोड मोजला होता का, हे मात्र जुन्या फाईलमध्ये बघा.

मुलीला आज बहुतेक काही त्रास नसेल आणि औषधही लागणार नाही. लहान वयात शरीर या विषाणूशी भांडत नाही, यकृताचे आकडे वर्षानुवर्षं सरळ राहतात. सहा महिन्यांनी ते तपासायचे, वर्षातून एकदा सोनोग्राफी, हिपॅटायटिस एची लस घ्यायची, इतर लसी नेहमीप्रमाणे. शाळेत, पाळणाघरात घालायला काही हरकत नाही. खेळताना लागलं आणि रक्त आलं तर हातमोजे घालून पुसा, एवढं पुरे.

पुढचं बाळंतपण असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, 'आधीच्या बाळाला लस देऊनही लागण झाली'. या वेळी लोड सुरुवातीलाच मोजतील, आणि तो जास्त असेल तर टेनोफोविर २४व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, सातवा महिना सरेपर्यंत थांबायचं नाही.